गॅरिसनचा हिशेब आणि नानांच्या कड्या

आपल्या मासिकाच्या मराठी विभागात दरवर्षी विश्वेश्वरय्या, एडिसन, डॉ. कलाम यांच्यावर लेख येतात आणि ते यायलाच पाहिजेत. मी मात्र यंदा अशा एका इंजिनिअरवर लिहायचं ठरवलंय ज्याचं नाव आपल्या होस्टेलमध्ये बहुधा कुणी ऐकलेलं नसेल. त्याने पूल, धरण किंवा रॉकेट यातलं काही बांधून नाव मिळवलं नाही. त्याने मासे पकडायच्या काठ्या बनवल्या, त्याही सगळ्या आयुष्यात सातशेच्या आतच. तरीही आज जगात कुठेही कुणी बांबूची काठी हाताने बनवायला बसला की आधी त्याचं नाव घेतो. त्याचं नाव एव्हरेट गॅरिसन.

हा माणूस मला कसा भेटला ते आधी सांगतो, कारण त्यात माझी एक चूक आहे आणि ती कबूल केल्याशिवाय पुढचं लिहिता येणार नाही.

आमचं गाव चोपडा तालुक्यात, तापीच्या काठावर. उत्तरेला सातपुडा, दक्षिणेला तापी आणि मध्ये केळी-कापसाची काळी जमीन. माझे मोठे काका, ज्यांना सगळं गाव नाना म्हणायचं, ते शेतीच्या कामातून सवड मिळाली की डोहावर गळ टाकून बसायचे. त्यांची काठी भरीव बांबूची. सुरतेला कामाला गेलेल्या एका पाहुण्याने आणून दिलेली लहानशी चरखी त्यांनी काठीच्या बुडाशी, वरच्या अंगाला बांधली होती. दोरी शेंड्यापर्यंत न्यायला काठीवर सात कड्या होत्या. सायकलच्या स्पोकची तार वाकवून, दोऱ्याने गुंडाळून, वरून लाख लावून नानांनी त्या स्वतः बसवल्या होत्या.

मी फर्स्ट इयरच्या दिवाळीच्या सुट्टीत घरी गेलो. इंजिनिअरिंग ड्रॉइंग नुकतंच शिकलेलो, त्यामुळे जिकडेतिकडे सेंटर लाइन दिसायची. नानांच्या काठीकडे पाहिलं तर कड्या एका रेषेत नव्हत्या. पहिली वर, दुसरी थोडी कलती, तिसरी अगदी बाजूला आणि चौथीपासून पुढच्या सगळ्या काठीच्या खाली! मला वाटलं, जुनी काठी आहे, दोरे सैल होऊन कड्या फिरल्या असतील. नाना शेतात होते. मी ब्लेडने सगळे दोरे कापले आणि साती कड्या वरच्या बाजूला, ओळंब्यात धराव्या तशा सरळ रेषेत बांधून टाकल्या. काम इतकं सुबक झालं की मी स्वतःवरच खूश!

संध्याकाळी नानांनी काठी हातात घेतली, उलटसुलट फिरवून पाहिली आणि काहीच बोलले नाहीत. चार दिवसांनी डोहावर एक मोठा कटला लागला. काठी वाकली आणि वाकता वाकता त्यांच्या मुठीत गरकन फिरली. शेंड्याजवळची एक कडी उखडली, दोरी तारेच्या टोकावर घासून तुटली, मासा गेला. नाना तेव्हाही रागावले नाहीत. पुढच्या सुट्टीत बसू, समजावून सांगतो, एवढंच म्हणाले. त्या हिवाळ्यात, गावात भरीत पार्ट्या चालू असताना, होस्टेलवर फोन आला. नाना गेले होते. ते समजावून सांगणं राहूनच गेलं.

थर्ड सेमिस्टरला स्ट्रेंथ ऑफ मटेरियल्स आलं. कॅन्टिलिव्हर बीम शिकताना मला सारखी ती काठी आठवायची. एका टोकाला पकडलेली, दुसऱ्या टोकाला भार, जाडी जागोजागी वेगळी. मग वर्कशॉपच्या कारपेंट्री शॉपमधल्या सरांशी बोलताना बांबूच्या काठ्यांचा विषय निघाला आणि त्यांच्याकडून गॅरिसनचं नाव कळलं. तिथून मी त्याच्यामागे लागलो.

गॅरिसनचा जन्म १८९३ चा. तो अमेरिकेतला, न्यू यॉर्क शहराला लागून उत्तरेला हडसन नदीच्या काठावर योंकर्स नावाचं गाव आहे तिथला. शिक्षण इंजिनिअरिंगचं, डोकं स्ट्रक्चरल इंजिनिअरचं. म्हणजे कुठलीही उभी-आडवी वस्तू पाहिली की तिच्यावर भार कुठे येतो आणि ती कुठे मोडेल हे आधी मनात येणार. आपल्यातल्या सिव्हिलवाल्यांना ही खोड माहीत आहे!

त्याच योंकर्समध्ये डॉ. जॉर्ज पार्कर होल्डन नावाचे एक डॉक्टर राहत. त्यांना बांबू फाडून त्याच्या काठ्या बनवायचा नाद होता आणि १९२० मध्ये त्यांनी हौशी लोकांसाठी त्यावर एक पुस्तकही लिहिलं होतं. गॅरिसनची आणि त्यांची ओळख झाली. डॉक्टरांच्या कामाच्या खोलीत गॅरिसनने पहिल्यांदा ही कला पाहिली आणि तिथेच तो अडकला तो कायमचाच. गंमत बघा, शिकवणारा डॉक्टर, शिकणारा इंजिनिअर आणि विषय मासेमारी!

आता ही काठी म्हणजे काय ते थोडक्यात सांगायला हवं. तिकडे ट्राउट नावाचा मासा थंड पाण्याच्या ओढ्यांत मिळतो. तो पाण्यावरचे किडे खातो. म्हणून गळाला पिसं आणि दोरे बांधून खोटा किडा करतात. हा किडा इतका हलका की तो फेकला जात नाही. फेकायची असते ती जाडसर दोरी. दोरीच्या वजनाने काठी मागे वाकते, मग पुढे सुटते आणि दोरी हवेत उलगडत जाते. म्हणजे ही काठी नुसती काठी नाही, ती स्प्रिंग आहे. ती कुठे किती वाकेल यावर सगळा खेळ अवलंबून असतो.

आणि इथे आपल्या भागाचा संबंध येतो. १८४० च्या दशकात पेनसिल्व्हेनियातल्या सॅम्युअल फिलिप नावाच्या बंदूक कारागिराने बांबूच्या पट्ट्या चिकटवून काठी बनवली. पुढे हायरम लेनर्डने १८७० च्या दशकात सहा पट्ट्यांच्या काठ्यांचा मोठा धंदा उभारला. त्या काळी त्यांचा बांबू जायचा आपल्या देशातून, कलकत्त्याच्या बंदरातून. म्हणून त्याचं तिकडचं नावच कलकत्ता केन. हा बहुतेक तोच भरीव, जाड सालीचा बांबू, ज्याला आपल्याकडे मानवेल म्हणतात, ज्याच्या लाठ्या होतात आणि जो सातपुड्यात उगवतो. म्हणजे नानांच्या काठीचा भाऊबंदच दीडशे वर्षांपूर्वी अमेरिकेला जाऊन आलेला! नंतर चीनच्या दक्षिणेकडचा टोंकिन बांबू तिकडे मिळायला लागला. तो सरळ, पेरं लांब, धागे दाट. तेव्हा आपला बांबू मागे पडला. गॅरिसनने काम केलं ते टोंकिनवर.

गॅरिसनच्या आधीचे कारागीर काठीची जाडी कशी ठरवायचे? अंदाजाने आणि अनुभवाने. एक काठी करायची, फेकून पाहायची, शेंडा जड वाटला तर पुढच्या वेळी थोडा बारीक करायचा. चांगलं माप सापडलं की ते कुलूपबंद! लेनर्डच्या कारखान्यात पट्ट्या कापायचं मशीन बंद खोलीत ठेवलेलं असायचं आणि तिथे बाहेरच्याला प्रवेश नसायचा. धंद्याचं गुपित म्हणून ते समजण्यासारखंही आहे. पण अशा गुपिताचं काय होतं? ज्याला माहीत आहे तो गेला की तेही जातं.

गॅरिसनने उलटा प्रश्न विचारला. काठी कशी वाकायला हवी ते आधी ठरवायचं, प्रत्येक जागी बांबूवर किती ताण येऊ द्यायचा ते ठरवायचं आणि मग त्यावरून जाडी काढायची. आपण बीम डिझाइन करतो तसंच! फरक इतकाच की त्याचा बीम शेंड्याला दोन मिलिमीटरच्या आतबाहेर जाडीचा.

त्याने काठीचे शेंड्यापासून पाच-पाच इंचांचे टप्पे पाडले. प्रत्येक टप्प्यावर एकूण बेंडिंग मोमेंट काढायचा. हा मोमेंट पाच गोष्टींचा मिळून होतो. पहिली, शेंड्याच्या पुढे हवेत असलेल्या दोरीचा झटका. इथे स्थिर वजन धरून चालत नाही, म्हणून तो वजनाला ४ ने गुणायचा. दुसरी, कड्यांमधून गेलेल्या दोरीचं वजन. तिसरी, कड्या आणि वॉर्निश यांचं वजन. चौथी, काठीचे दोन भाग जोडणाऱ्या धातूच्या नळीचं वजन. पाचवी, खुद्द बांबूचं वजन. पाचही मोमेंटची बेरीज करायची आणि मग आपलं ओळखीचं सूत्र: ताण म्हणजे मोमेंट भागिले सेक्शन मॉड्युलस.

काठी सहा पट्ट्यांची, म्हणजे सेक्शन षटकोनी. समोरासमोरच्या दोन सपाट बाजूंमधलं अंतर d धरलं तर षटकोनाचा सेक्शन मॉड्युलस साधारण ०.१२ गुणिले d चा घन. हे कुणीही मेसमध्ये बसून पडताळून पाहू शकतो. समजा एका टप्प्यावर मोमेंट आला २१.६ औंस-इंच आणि तिथे ताण ठेवायचाय चौरस इंचाला १,८०,००० औंस. तर d बरोबर ०.१ इंच येतो. मोमेंट आठपट झाला तर d फक्त दुप्पट. जास्तीत जास्त ताण तो साधारण २,२०,००० औंसांपर्यंत धरायचा. आपल्या भाषेत सांगायचं तर सुमारे ९५ मेगापास्कल. आणि मेख अशी की बांबूचं वजन जाडीवर अवलंबून आणि जाडी वजनावर! म्हणून शेंड्यापासून सुरुवात करून एकेक टप्पा खाली उतरत यायचं. कॉम्प्युटर नाही, आजच्यासारखा कॅल्क्युलेटर नाही. आपल्याला असाइनमेंटची एक शीट उतरवायची म्हटलं तरी जिवावर येतं.

आता मला ज्यात रस होता तिकडे येतो. म्हणजे तिसऱ्या गोष्टीकडे, कड्यांकडे. इंग्रजीत यांना गाईड म्हणतात. दोरीला वाट दाखवतात म्हणून गाईड.

कडी दिसायला क्षुल्लक, पण गणितात ती भलतीच भाव खाते. एक ग्रॅमची कडी बुडापासून २० इंचांवर बसवली तर बुडाशी तिचा मोमेंट २० ग्रॅम-इंच. तीच कडी शेंड्याला, ९६ इंचांवर बसवली तर ९६. जवळजवळ पाचपट! शिवाय शेंड्याला वजन वाढलं की काठीची कंपनसंख्या उतरते, काठी सुस्त होते, दोरी सुटल्यावरही शेंडा थरथरत राहतो. बरं, वजन नको म्हणून कड्या कमीच लावाव्यात तर दोन कड्यांच्या मध्ये दोरी झोळ पडून बांबूला चिकटते आणि वाकलेल्या काठीवर भार थोड्याच ठिकाणी एकवटतो. म्हणून शेंड्याकडे कड्या हलक्या, लहान आणि जवळजवळ. बुडाकडे येताना मोठ्या आणि लांब लांब. कडीचे पाय जिथे बांधले जातात तिथे काठी किंचित ताठही होते. दोऱ्याचे वेढे जास्त झाले तर तो ताठपणा वाढतो. गॅरिसन कड्या बांधायला पांढरा रेशमी दोरा वापरायचा. वॉर्निशखाली तो पारदर्शक होतो आणि खालचा बांबू दिसतो. नटवेपणा शून्य.

कड्यांचे प्रकार तरी किती! सुरुवातीच्या काठ्यांना कड्याच नसायच्या. दोरी सरळ शेंड्याला बांधलेली असायची, आपल्याकडे पोरं अजूनही बांधतात तशी. चरखी आली तेव्हा दोरीला वाट हवी झाली. मग सैल लोंबणाऱ्या कड्या आल्या, पट्टीत अडकवलेल्या. काठी ठेवली की त्या आडव्या पडायच्या, पण ओली दोरी त्यांच्यात घुटमळायची. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी तारेला पीळ देऊन केलेली नागमोडी कडी आली. वजन जवळपास नाही आणि दोरी बांबूपासून अलग राहते. बांबूच्या काठ्यांवर आजही हीच कडी शोभते. बुडाजवळच्या पहिल्या मोठ्या कडीत दोरी सर्वांत जास्त घासते, म्हणून तिच्यात अकीकाचं कडं बसवायचे. अकीक म्हणजे तोच दगड जो आपल्या दख्खनच्या काळ्या खडकात सापडतो आणि खंभातला घासून मणी केला जातो. तो गुळगुळीत असतो पण आपटला की तडकतो.

पुढे याच प्रश्नाची आणखी उत्तरं निघाली. समुद्रातल्या मोठ्या माशांसाठी कडीऐवजी छोटी चाकं. जपानी कारखान्यांनी आणलेली अॅल्युमिनियम ऑक्साइड आणि सिलिकॉन कार्बाइडची सिरॅमिक कडी, जिच्यावर दोरी कितीही धावली तरी खाच पडत नाही. दोन पायांऐवजी एकाच पायाची कडी, म्हणजे वजन आणि ताठपणा दोन्ही कमी. वाकवली तरी परत आपल्या आकाराला येणारी निकेल-टायटॅनियमच्या तारेची कडी. आणि कड्यांना पूर्णच फाटा देऊन पोकळ काठीच्या पोटातून दोरी नेण्याचाही प्रयोग झाला. म्हणजे वरवर पाहता साधी तारेची कडी, पण तिच्यात घर्षण, झीज, कंपन आणि मटेरियल सायन्स सगळं भरलेलं आहे.

हे वाचता वाचता एके रात्री मला ते सापडलं जे मी शोधत होतो.

चरखी काठीच्या वर असेल आणि कड्याही वर असतील, तर भार आल्यावर काय होतं? काठी खाली वाकते. ताणलेली दोरी जवळची वाट शोधते, आणि ती वाट वाकाच्या आतल्या बाजूला, म्हणजे काठीच्या खाली असते. पण कड्या तिला वर धरून ठेवतात. मग दोरी कड्यांना ओढून खाली फिरवू पाहते. काठीवर टॉर्शन येतं आणि ती मुठीत पिळते. यावर उपाय म्हणजे बुडाजवळची पहिली कडी वर ठेवायची, पुढच्या दोन-तीन कड्या हळूहळू बाजूने फिरवत न्यायच्या आणि बाकीच्या सगळ्या खाली. दोरी स्वतःहून जिथे जाऊ पाहते तिथेच तिला आधी नेऊन ठेवायचं. काठी पिळतच नाही. तिकडे हाताने काठ्या बांधणारे लोक या रचनेला सर्पिल बांधणी म्हणतात. गॅरिसनच्या काठ्यांना तिची गरज नव्हती, कारण त्या प्रकारात चरखी आणि कड्या दोन्ही आधीच खाली असतात.

म्हणजे नानांच्या कड्या फिरलेल्या नव्हत्या. त्यांनी त्या फिरवल्या होत्या. सातवी शिकलेल्या माणसाने डोहावर बसून, काठी हातात पिळताना पाहून पाहून ते उत्तर काढलं होतं आणि मी इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षात ते ब्लेडने कापून टाकलं होतं. त्या रात्री मला झोप लागली नाही, हे मोकळेपणाने सांगतो.

गॅरिसनकडे परत येतो, कारण त्याच्या आयुष्याचा शेवटचा भागच मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो.

त्याने १९३० च्या दशकात, अमेरिकेत मंदीने लोकांचे रोजगार जात असताना, काठ्या विकायला सुरुवात केली. कारखाना काढला नाही. बांबू फाडणं, पेरं घासणं, भट्टीत शेकणं, पोलादी साच्यात ठेवून रंधा मारणं, सहा पट्ट्या चिकटवणं, कड्या बांधणं, वॉर्निशच्या नळीत बुडवून काढणं, सगळं स्वतः. साच्याला पाच-पाच इंचांवर स्क्रू, ते फिरवून खाच कमी-जास्त करायची आणि पट्टी इंचाच्या हजाराव्या भागापर्यंत मापात आणायची. पट्टीच्या सालीच्या बाजूला रंध्याने हात लावायचा नाही, कारण बांबूची ताकद सालीलगतच्या धाग्यांत असते. चिकटवलेल्या पट्ट्यांवर दोरा गुंडाळायला त्याने एक छोटं यंत्र तयार केलं. तशाच धर्तीची यंत्रं आजही हौशी लोक घरी बनवतात आणि ती त्याच्याच नावाने ओळखली जातात. प्रत्येक काठीवर तो सही करायचा. चाळीसेक वर्षांत सातशेच्या आत काठ्या. म्हणजे महिन्याला दीडच्या आसपास. धंदा म्हणून पाहिलं तर हसू येईल. पण त्याने कुठलीही काठी हिशेबाशिवाय बाहेर जाऊ दिली नाही.

मध्ये जग बदललं. १९५० मध्ये अमेरिकेने चीनशी व्यापार बंद केला आणि टोंकिन बांबू यायचा थांबला. फायबरग्लासच्या स्वस्त काठ्या आल्या. बांबूची काठी म्हणजे जुनाट वस्तू झाली, कारागीर एकेक करून कमी होत गेले. गॅरिसन म्हातारा झाला होता. अशा वेळी त्याच्याकडे होगी कारमायकेल नावाचा एक तरुण आला. प्रसिद्ध अमेरिकन संगीतकार होगी कारमायकेल यांचा हा मुलगा, नावही तेच. त्याने गॅरिसनचं काम पाहिलं आणि हे सगळं या माणसाबरोबर संपणार हे त्याच्या लक्षात आलं. त्याने आधी गॅरिसनच्या कामाची फिल्म केली. मग दोघांनी मिळून पुस्तक करायचं ठरवलं. गॅरिसन काम करायचा, सांगायचा आणि कारमायकेल टिपून घ्यायचा. बांबू कसा निवडायचा इथपासून कडी कशी बांधायची इथपर्यंत, ताणाच्या हिशेबासकट, कुलूप कशालाच नाही.

१९७५ मध्ये गॅरिसन वारला. पुस्तक पूर्ण व्हायचं होतं. कारमायकेलने ते पूर्ण केलं आणि १९७७ मध्ये 'अ मास्टर्स गाईड टू बिल्डिंग अ बांबू फ्लाय रॉड' या नावाने ते प्रसिद्ध झालं. गुरू गेला, पण त्याचं कोष्टक राहिलं. त्यावरून त्याला कधीही न भेटलेल्या लोकांनी काठ्या बनवल्या. काहींनी त्याच्या आकड्यांशी वाद घातला, तो ४ चा गुणक बरोबर की चूक यावर चर्चा केल्या. मला वाटतं हाच त्याचा खरा मान. जे लिहून ठेवलंय त्याच्याशीच वाद घालता येतो. जे लिहिलं नाही ते फक्त हरवू शकतं.

नानांजवळ कारमायकेल नव्हता. जो होता, तो म्हणजे मी, हातात ब्लेड घेऊन बसलो होतो.

गेल्या उन्हाळ्यात मी माळ्यावरून ती काठी काढली. धूळ पुसून उन्हात धरली तेव्हा दिसलं की जिथे नानांचे मूळ दोरे होते तिथे बांबू फिकट राहिलाय. उन्हाने, हाताच्या तेलाने बाकीची काठी काळवंडली आणि दोऱ्याखालची जागा तशीच राहिली. त्यावरून मी मापं घेतली. प्रोट्रॅक्टरने कोन, टेपने अंतर. सातपैकी पाच कड्यांच्या जागा नक्की मिळाल्या. शेंड्याकडून बुडाकडे येताना कड्यांमधलं अंतर वाढत वाढत गेलेलं. नाना ते बोटांनी मोजत असावेत. बुडाजवळची एक आणि मधली एक अशा दोन जागा मात्र घासल्यामुळे कळल्या नाहीत. त्या मी अंदाजाने बसवल्या.

मग ती काठी होस्टेलवर आणली. रूममेट हसले, पण मदतीलाही तेच आले. वर्कशॉपमध्ये व्हाइसला बूड आवळून, शेंड्याजवळ एक काडी काट्यासारखी आडवी बांधून, दोरीला अर्धा किलोचं वजन लावलं. आधी कड्या मी केल्या होत्या तशा, वर सरळ रेषेत. काटा पंचवीस-तीस अंश फिरला. मग नानांच्या रचनेत. काटा जागचा हलल्यासारखाही वाटला नाही. कारपेंट्री शॉपचे सर शेजारी उभे होते. त्यांनी काठी हातात घेऊन वाकवून पाहिली आणि ही कुणी बांधली असं विचारलं. मी नानांचं नाव सांगितलं.

ती सगळी मापं आता माझ्या वहीत आहेत. वहीच्या पहिल्या पानावर गॅरिसनचं सूत्र आहे आणि त्याखाली नानांच्या कड्यांचं कोष्टक. दोन ओळींपुढे प्रश्नचिन्ह आहे, ते तसंच राहणार.

मित्रांनो, आपल्यातले बहुतेक जण शेतकऱ्यांच्या, कारागिरांच्या घरातून आलेत. कुणाचे वडील बैलगाडीची धाव चढवतात, कुणाची आजी कणगी विणते, कुणाचे मामा विहिरीचं पाणी सांगतात. आपण सुट्टीत जातो आणि मोबाइल चार्जिंगला लावून झोपतो. या सुट्टीत एक करा. एक वही आणि एक टेप घेऊन जा, त्यांच्याजवळ बसा आणि ते जसं करतात तसं लिहून घ्या. वाकडं दिसलं तर आधी विचारा. सरळ करायची घाई करू नका.